मदत हवी आहे : मेंदूतली चिप, भावासाठी

राजेहो, आम्ही दारव्हा तालुक्यातले. माहा मोठा भाऊ दोन वर्षाआधी चिंचा झोडताना झाडावरून पडला, मानेचा मणका गेला, हातपाय हालत नाही पण डोकं अन बोलणं एकदम फर्स्टक्लास. बाजीवर पडल्या पडल्या दातात पेन्सिल धरून मोबाईल चालवते, मागं रबर लावून देल्लं त्याले. आता त्यानं न्यूरालिंकचा (मेंदूत चिप बसवणारी इलॉन मस्कची कंपनी) व्हिडिओ पाह्यला, जानेवारी २०२४ मधी पहिल्या माणसाच्या मेंदूत १०२४ इलेक्ट्रोडची (मेंदूतले सिग्नल पकडणारे बारीक टोकं) चिप बसवली अन तो नुसत्या विचारानं बुद्धिबळ खेळते म्हणे, तवापासून "मले बी बसवा" चालूच आहे. मी त्याले सांगतलं का त्याच माणसाच्या चिपचे काही इलेक्ट्रोडवाले बारीक धागे नंतर मेंदूतून मागं सरकले, पण आयकते कोण!

सिंक्रॉन नावाची अशीच दुसरी कंपनी हाय, ते म्हणे कवटी न उघडता मानेच्या शिरेतून मेंदूच्या शिरेत इलेक्ट्रोडची जाळी टाकतात, ते कमी धोक्याचं हाय काय?

अन मेन गोष्ट, एक जण म्हणते ५० हजार भरा, ट्रायलमधी (नव्या इलाजाची माणसावरची चाचणी) नाव टाकतो. ट्रायलमधी पेशंटकडून असे पैसे घेतात काय? मले तर हा गडी लबाडच वाटते. सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) साईटवर ट्रायल शोधाची कशी, कोणी नीट सांगा. तवर मान हालवून माऊस चालते असं काही स्वस्तातलं कोणी वापरलं असन तर तेही सांगा, पेन्सिलीनं दात दुखतात त्याचे.