भरीत पार्टीतल्या गप्पांमध्ये उत्तर इतक्या झटपट कसे सुचते?

प्रश्न (यावल): काका वांगी भाजता भाजता अहिराणीत काही विचारतात आणि वाक्य संपते न संपते तोच मावशींचे उत्तर हजर असते, मेंदू विचार करतो तरी केव्हा?

उत्तर (धुळे): ऐकतानाच. २००९ च्या दहा भाषांच्या अभ्यासात (मराठी त्यात नव्हती) प्रश्न व उत्तर यांतले अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद आढळले. चित्र पाहून एक शब्द उच्चारायलाही साधारण ६०० लागतात, म्हणजे प्रश्न कुठे संपेल याचा अंदाज बांधून मेंदू उत्तर आधीच जुळवू लागतो.

उत्तर (अमळनेर): प्रिन्स्टनच्या संशोधकांना २०१० मध्ये श्रोत्याच्या मेंदूतील हालचाल वक्त्याच्या मेंदूशी जुळलेली, काही भागांत तर किंचित पुढे गेलेली दिसली, भाषा अनोळखी असल्यास मात्र हा मेळ नाहीसा झाला. आमच्या पुणेकर सूनबाई अहिराणी विनोदावर सगळ्यांनंतर हसतात, ते बहुधा यामुळेच.