सख्खे दिसणारे, पण नात्यात नसलेले शब्द : तुमचे अनुभव लिहा

"आता बस कर", "जरा बस", "बस आली". तीन बस, तीन घराणी. थांबवणारं 'बस' फारसीतून आलं. बसायचं 'बस' संस्कृत 'उपविश्'पासून झिजत इथवर पोचलं. गाडी मात्र लॅटिन 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी' या शब्दाची उरलेली शेपटी, निव्वळ विभक्तिप्रत्यय! असे ऐकायला एक, पण परस्परांशी काडीचा संबंध नसलेले शब्द तुम्हाला कुठे भेटले? एकच अट, 'शिक्षा' नको. मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण असलं तरी मूळ एकच. तो भावकीतला वाद आहे, योगायोग नाही.

*

आमच्या गटात एक तेलुगू मुलगी होती. पेल्यात कुणी पाणी ओतायला लागलं की ती "चालु, चालु" म्हणायची आणि मराठी मंडळी ओततच राहायची. तेलुगूत चालु म्हणजे पुरे!

*

जहाजावर नोकरी करतो. आमच्याकडे 'ने' हा शब्द जपून वापरावा लागतो. ग्रीक माणूस 'ने' म्हणाला तर होकार (नकाराला ते 'ओही' म्हणतात), कोरियन म्हणाला तरी होकार, सर्बियन म्हणाला तर साफ नकार. तुर्की माणसाचं 'ने?' म्हणजे 'काय?'. आणि मी 'ने' म्हटलं की समोरच्याने वस्तू उचलून न्यायची असते.

*

स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे चक्क वडील! फक्त हे अट्टल योगायोग म्हणता येतील का, शंका आहे. बाळाच्या तोंडून म, ब, प, द हेच आवाज आधी निघतात आणि मोठी माणसं ते आपापल्या सोयीने नातेवाइकांना वाटून टाकतात. भाषावैज्ञानिक रोमान याकोबसन यांनी यावर निबंधच लिहिलाय.

*

फिनिश शिकतेय. तिथे 'कला' म्हणजे मासा. यावर जलक्रीडा, मत्स्यावतार वगैरे जोडून एक फिरता संदेश सहज तयार होईल, म्हणून आधीच सांगते: संबंध नाही. एस्टोनियनमध्येही मासा 'कला'च, हंगेरियनमध्ये 'हल'. म्हणजे शब्द या तिन्ही भाषांच्या एकाच कुळात वाढलेला आहे, आणि ते कूळ आपल्या इंडो-युरोपीय कुळाहून वेगळं. पण पुढच्याच धड्यात शंभरला 'सता' आणि हातोड्याला 'वसरा' आलं. आपलं शत आणि वज्र! हे दोन्ही खरोखर नात्यातले आहेत. हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी (संस्कृत आणि फारसीची पूर्वज भाषा) बोलणाऱ्यांकडून फिनिशच्या पूर्वज भाषेने ते उसने घेतले. थोडक्यात, तंतोतंत जुळणारा 'कला' परका आणि अर्धवट जुळणारा 'वसरा' आपला. तेव्हापासून शब्दाच्या चेहऱ्यावर माझा विश्वास नाही. त्याची भावंडं दाखवा, मग बोलू.

*

बाहेर कशाला जायचं? कामधंद्यातलं 'काम' संस्कृत 'कर्म'पासून, प्राकृत 'कम्म' होऊन आलं. कामदेवातलं 'काम' वेगळंच.

*

थोडा विरोधी सूर लावतो. यातले कितीतरी जुळे आपल्या लिपीने जन्माला घातलेत. फारसी 'साल' वर्ष, स्पॅनिश 'साल' मीठ, फ्रेंच 'साल' मळकट; देवनागरीत तिन्ही एकच. ज्याच्या त्याच्या तोंडून ऐका, स्वर वेगळा लागतो. शिवाय एक-दोन अक्षरी शब्द असे किती बनणार? जगात हजारो भाषा आहेत, टकरा होणारच. चार-पाच अक्षरी जुळं कुणी आणलं तर मानेन.

*

उलटा प्रकारही नोंदवून ठेवा: रूप तेच, अर्थही तोच, तरी नातं शून्य. 'बदनाम'मधलं फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' हे त्यातलं घरचं उदाहरण. त्याहून भारी म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची म्बाबाराम भाषा. 1960च्या दशकात भाषावैज्ञानिक आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी अल्बर्ट बेनेट यांच्याकडून तिचे शब्द टिपून घेतले, त्यात कुत्र्यासाठी शब्द निघाला 'डॉग'. इंग्रजीतून घेतलेला नव्हे. शेजारच्या यिदिञ् भाषेत कुत्र्याला 'गुडागा' म्हणतात. तसल्याच जुन्या रूपाचं पहिलं अक्षर आणि शेवटचा स्वर झडून म्बाबारामचा 'डॉग' झाला. म्हणजे त्याची वंशावळ सांगता येते. इंग्रजीतला 'डॉग' मुळात कुठून आला, ते मात्र अभ्यासकांना अजून नीट उलगडलेलं नाही.