मदत हवी आहे: जुन्या ओढत्या रोड ग्रेडरचं पातं डाव्या बाजूला खाली बसतंय

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत इंडियानात राहतो. आमच्या काउंटीत जुनी शेतीची अवजारं आणि वाफेची इंजिनं जपणाऱ्या हौशी लोकांचा एक गट आहे, त्यात चार वर्षांपासून जातो. गटाकडे यंदा एक ओढता रोड ग्रेडर आला. ओढता म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेला. आधी घोडे जुंपायचे, पुढे ट्रॅक्टर. शेजारच्या शेतावरच्या आजोबांनी तो दिला. त्यांचं वय ८४. त्यांचे वडील याच यंत्राच्या मागच्या फळीवर उभे राहून गावचे मातीचे रस्ते सारखे करायचे. ऑगस्टमधल्या आमच्या प्रदर्शनात आजोबांना एकदा त्या फळीवर उभं राहून पातं चालवायचं आहे. त्याआधी यंत्र धड करायचंय आणि मी अडकलोय.

या मंचावर पीडब्ल्यूडीत, इरिगेशनच्या मेकॅनिकलमध्ये, लेथवर आयुष्य काढलेली माणसं आहेत, म्हणून इथेच विचारतोय. यंत्रावर पाटी नाही, रिव्हेटची दोन भोकं तेवढी उरलीत. त्यामुळे मॅन्युअल शोधायची वाट बंद आहे.

रचना सांगतो. लोखंडी चौकट, चार लोखंडी चाकं, मधोमध आठ फुटी पातं. पातं एका मोठ्या गोल कड्याला जोडलेलं आहे, कडं फिरवलं की पातं तिरकं होतं. उंचीची यंत्रणा वेगळी. मागच्या फळीसमोर छातीच्या उंचीवर दोन मोठी हँडव्हील, प्रत्येक पात्याच्या आपापल्या टोकासाठी. हँडव्हील फिरवलं की लांब दांडा फिरतो, त्याच्या टोकाला वर्म (स्क्रूसारखे आटे पाडलेला तुकडा), वर्मने फिरतं ते ४० दात्यांचं बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं वर्मव्हील, वर्मव्हीलच्या चौकोनी शाफ्टवर १० इंच लांबीचा हात, आणि हाताच्या टोकाला लोंबणारी कडी खाली पात्याच्या कड्याला धरते. हात पूर्ण वरून पूर्ण खाली म्हणजे पाव वळसा जातो, त्याला हँडव्हीलचे १० फेरे लागतात. दोन्ही बाजूंना तेवढेच. म्हणजे वर्म सिंगल स्टार्ट आहे, एका फेऱ्याला चाकाचा एकच दाता सरकतो.

दोन टोकं वेगवेगळी का हवीत, हे मला इथे आल्यावरच नीट कळलं. खडीच्या रस्त्याला मधून कडेकडे उतार हवा, फुटाला साधारण अर्धा इंच. दहा फुटांची एक बाजू असेल तर मध्य आणि कड यात पाच इंचांचा फरक. पाणी थांबलं की रस्ता संपला. हा उतार काढायचा तर पात्याचं एक टोक खाली, दुसरं वर, आणि ते पूर्ण फेरीभर तसंच धरून ठेवायचं. धरून ठेवणं हेच या यंत्राचं खरं काम. त्या काळी मिझुरीतले मेटलंडचे शेतकरी डी. वॉर्ड किंग यांनी दोन अर्ध्या ओंडक्यांचा ड्रॅग (रस्त्यावरून ओढत न्यायचं साधन) गावोगाव दाखवून लोकप्रिय केला होता. त्यात उंचीची यंत्रणाच नव्हती. हाकणारा फळीवर कुठे उभा राहतो आणि साखळी किती लांब सोडली आहे, यावर किती माती निघेल ते ठरायचं. त्या ड्रॅगनंतर हे हँडव्हील बघितलं की माणसाच्या वजनाचं काम आट्याकडे कसं गेलं ते डोळ्यांसमोर येतं. मला हे यंत्र आवडतं ते त्यामुळेच.

आता दुखणं. उजवी बाजू चोख आहे. डावी दोन प्रकारे उतरते. पातं जमिनीपासून चार इंचांवर ठेवून नुसतं ओढलं की पहिल्याच खड्ड्याला ठक् आवाज होऊन डावं टोक पाऊण इंच खाली बसतं, पुढच्या धक्क्याला पुन्हा वर उडतं. हा एक प्रकार. दुसरा असा की पाव मैल गेल्यावर तेच टोक आणखी दीड-दोन इंच उतरलेलं असतं. सावकाश, आवाज न करता.

मी सगळं उघडून डिझेलने धुतलं, गंज काढला, पातळ मशीन ऑइल भरपूर घातलं. त्यानंतर सावकाश उतरणं वाढलं. डाव्या वर्मव्हीलचे दहा-बारा दाते एका अंगाने झिजून चाकूसारखे झालेत. बाकीच्या दात्यांवर ओतकामाची खरखर अजून बोटाला लागते. आणखी एक: उजव्या बाजूला चौकटीपासून लिफ्टच्या (पातं उचलणाऱ्या) शाफ्टपर्यंत जाड लांब स्प्रिंग आहे. डावीकडे फक्त हुक आहेत. मधे कुणीतरी फाटकाची साखळी बांधली होती, ती मी काढली.

गटातले लोक म्हणतात, हायड्रॉलिक सिलिंडर बसव आणि मोकळा हो. ते मला करायचं नाही. आजोबांना हँडव्हीलच फिरवायचं आहे. वर्मव्हील नवीन पाडून घ्यायला पैसे आणि वेळ दोन्ही नाहीत. झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंग करू का? बीड तडकेल अशी धास्ती वाटते. आणि मुळात झीज हेच कारण आहे का?

वंगण (मंचावरचा सदस्य)

वेल्डिंगला हात लावू नका. आधी एक करा. हँडव्हीलवर आणि त्याच्या ब्रॅकेटवर मिळून एक सरळ खडूची रेघ ओढा. मग ओढा. पातं ठक् करून बसतं तेव्हा रेघ तुटते का, आणि सावकाश उतरतं तेव्हा तुटते का, हे वेगवेगळं बघा. हँडव्हील न फिरता पातं उतरलं तर खेळ आहे, कुठेतरी काहीतरी सरकतंय. हँडव्हील आपोआप फिरलं तर वर्म मागे फिरतोय. दोन्ही दुखण्यांचं औषध वेगळं. आणि खाली वाकून बघताना पात्याखाली लाकडाचे ठोकळे लावा, नुसत्या वर्मच्या भरवशावर हात घालू नका.

माळरान

चाकं झुकतात का हो? इंडियाना म्हटल्यावर जोसेफ ॲडम्स आठवले. त्यांनी १८८५ मध्ये झुकत्या चाकांचा ग्रेडर काढला. पातं तिरकं असलं की माती यंत्राला बाजूला ढकलते, चाकं उलट्या अंगाला कलवली की तो रेटा चाकं घेतात. सरळ चाकांच्या यंत्रात तो सगळा रेटा चौकटीवर आणि लिफ्टच्या कड्यांवर येतो. तुमची एकच बाजू झिजलीय, त्याचं कारण यात असेल.

धागाकर्ता

चाकं सरळ आहेत. आणि आजोबा म्हणाले की वडील नेहमी माती उजवीकडून डावीकडे सारायचे, डावं टोक सतत वर-खाली व्हायचं. तुमचा अंदाज बरोबर दिसतो.

खडूची रेघ करून पाहिली. ठक् होतं तेव्हा रेघ जागच्या जागी. दांड्याकडे टॉर्च धरून बघितलं तर वर्मसकट अख्खा दांडा पुढे-मागे सरकतोय, मोजला तर तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सावकाश उतरतं तेव्हा मात्र रेघ तुटते, पाव मैलात हँडव्हील जवळजवळ सव्वा फेरा उलटं गेलं होतं.

निवृत्त मेकॅनिक

हिशोब तुमच्याच मापांत आहे. वर्मव्हीलचा व्यास दहा इंचांच्या आसपास असेल, म्हणजे त्रिज्या पाच आणि हात दहा. दांडा तीन सूत सरकला की हाताचं टोक सहा सूत, म्हणजे तुमचा पाऊण इंच. हा वर्मचा दोष नाही. दांड्याला मागे-पुढे जाऊ न देणारा थ्रस्ट कॉलर झिजलाय. टर्नरकडून नवीन कॉलर काढा, त्यामागे पितळी वॉशर टाका, कागदाएवढा खेळ ठेवा.

आता मागे फिरणं. वर्मचा व्यास मोजून सांगाल, पण अडीच इंच धरू. घेर ७.८५ इंच. ४० दाते, दहा इंची चाक, म्हणजे एका फेऱ्यात आटा ०.७८५ इंच पुढे जातो. दहाला एक असा चढ झाला. घर्षणाचा गुणांक ०.१ च्या वर राहील तोवर वर्म धरतो, खाली गेला की भार त्याला उलटा फिरवतो. कोरड्या बीडावर बीड घासलं तर हा आकडा ०.१५ च्या आसपास असतो, तेलाने भिजलं की ०.०७ पर्यंत उतरतो. म्हणजे या वर्मची धर मुळातच काठावरची. उरलेली धर कॉलरच्या घासण्यातून आणि बुशांतून यायची. तुमचा कॉलर गेलेला, वर तुम्ही पातळ तेल ओतलंत, आणि तोलणारी स्प्रिंगही नाही. ते पातळ तेल पुसून काढा, जाड ग्रीस भरा.

दात्यांसाठी सांगतो, मनापासून सांगतो. मी कालव्याच्या कामावर यांत्रिक कंट्रोलचे मोटार ग्रेडर वर्षानुवर्षं सांभाळले. त्यात इंजिनवरून फिरणारे शाफ्ट आणि क्लच होते, लिव्हर हाताला झटका द्यायची, पण शेवटी पातं उचलायला हेच वर्म आणि हाच हात. दाते झिजले की आम्ही नवं चाक मागवत नव्हतो. हात पाव वळसाच फिरतो ना? मग ४० पैकी दहा-बारा दातेच आयुष्यभर काम करतात. तुमचा शाफ्ट चौकोनी आहे, हे नशीब. वर्मव्हील बाहेर काढा, ९० अंश फिरवून परत बसवा. कोरे दाते समोर येतील. त्यानंतर अजून दोनदा फिरवता येईल एवढा माल त्या चाकात शिल्लक आहे.

वर्म दांड्यावर चावीने (खाचेत ठोकलेल्या लोखंडी पट्टीने) बसवलेला सुटा तुकडा असेल आणि दोन्ही टोकांना सारखा असेल, तर तोही काढून उलटा घाला, पुढचं तोंड मागे. आट्याची दिशा उलटा केल्याने बदलत नाही, उजवा आटा उजवाच राहतो. फक्त भार न घेतलेली बाजू कामाला येते. काढण्याआधी सगळ्यावर पंचाने खुणा करा.

माळरान

हे कळायला हवं होतं आधी. म्हणजे १९३१ मध्ये कॅटरपिलरचा ‘ऑटो पॅट्रोल’ ग्रेडर आला, ग्रेडर आणि त्याला चालवणारं इंजिन एकाच अंगात आलं, तरी पात्याजवळची ही हात-वर्मची जोडी तीच राहिली का?

निवृत्त मेकॅनिक

हो. हायड्रॉलिकचं राज्य आलं ते फार नंतर. तोवर ऑपरेटरच्या मनगटाऐवजी इंजिन वर्म फिरवायचं, एवढाच फरक.

धागाकर्ता

काका, तुमचे उपकार कसे फेडू. शनिवारी दिवसभर बसलो. वर्मचा व्यास अडीच इंचाला एक सूत कमी निघाला. वर्म सुटाच होता, चावी ठोकून काढायला दोन तास गेले. उलटा घातला. वर्मव्हील ९० अंश फिरवलं. कोरे दाते वर्ममध्ये बसताना खरखर आवाज येत होता, तो दहा-पंधरा वेळा पूर्ण वर-खाली केल्यावर गेला. कॉलर इथल्या एका टर्नरने काढून दिला.

आता खेळ सहा सुतांवरून सुमारे एका सुतावर आलाय, ठक् पूर्ण बंद. पाव मैलात पातं अर्धा इंच उतरतं, म्हणजे पूर्वीच्या पावपट. आजोबा येऊन गेले. त्यांनी न बघता दोन्ही हँडव्हीलवर हात ठेवले आणि डावं दोन फेरे, उजवं अर्धा फेरा असं फिरवलं. वडील रस्त्याच्या मधल्या फेरीला हेच करायचे म्हणाले.

राहिली स्प्रिंग. डावं टोक काट्यावर टांगून मोजलं, २१० किलो. उजवी स्प्रिंग मोजली: तार चार सूत, बाहेरचा व्यास साडेतीन इंच, वेटोळी २८. तिचा हुक शाफ्टवरच्या ज्या दुसऱ्या हाताला लागतो तोही दहा इंचांचाच आहे. हीच मापं देऊन डावी करून घेऊ का?

वंगण

हिशोब करून पाहिला. तार अर्धा इंच, वेटोळ्याचा मधला व्यास तीन इंच, २८ वेटोळी, पोलाद धरलं तर इंचभर ताणायला सुमारे ५४ किलो लागतात. चार इंच ताणली की २१६ किलो. तुमच्या २१० किलोंना जवळजवळ नेमकी. दोन्ही हात दहा इंची असल्यामुळे हाच आकडा थेट लागू पडतो. त्याच मापाची करून घ्या. चार इंचांचा ताण पातं कामाच्या उंचीला असताना यायला हवा, वर उचललेलं असताना मोजू नका. हुक आणि चौकटीमध्ये आट्याचा बोल्ट ठेवा, म्हणजे ताण कमी-जास्त करता येईल. आणि बसवताना स्प्रिंगच्या रेषेत कुणी उभं राहू नका.

धागाकर्ता

आट्याचा बोल्ट उजव्या बाजूलाही आहे, गंजाने गोळा झाल्यामुळे मला तो चौकटीचाच भाग वाटला होता. उद्या ऑर्डर देतो. बसवली की पाव मैलाचं माप इथे टाकतो.