प्रारब्ध ठरलेले असेल, तर प्रयत्न कोणाचा?

शोधयात्री

नमस्कार. दैव आणि प्रयत्न हा वाद जुना आहे, पण माझा प्रश्न घरातल्या एका प्रसंगातून आला आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला आणि उजवा हात लुळा पडला. सध्या फिजिओथेरपी चालू आहे. परातीत तांदूळ पसरून त्यात राजम्याचे दाणे मिसळायचे आणि वडिलांनी एकेक दाणा चिमटीत धरून वाटीत टाकायचा, असा त्यातला एक व्यायाम आहे. दाणा निसटतो, पुन्हा धरावा लागतो, आणि तेवढ्यानेही त्यांच्या कपाळावर घाम येतो. माझ्या आत्याचा हरिपाठ कधी चुकत नाही. ती हे पाहून कळवळते आणि म्हणते, "अरे, प्रारब्धात असेल तेवढाच हात सुटेल. त्याला कशाला दमवतोस? ठेविले अनंते तैसेचि राहावे." तिची माया खरी आहे, त्यामुळे तिला उलट बोलवत नाही. वडील मात्र मला वेगळेच विचारतात, "हे माझ्या कुठल्या पापाचे फळ?"

माझी अडचण अशी आहे. हात सुधारणे किंवा न सुधारणे आधीच ठरलेले असेल, तर व्यायाम करून घेण्याचा माझा निश्चयही ठरलेलाच असला पाहिजे, आणि मग 'मी ठरवले' या म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. उलट निश्चय खरोखर माझा असेल, तर प्रारब्धाची हद्द नेमकी कुठे संपते? मेंदूविज्ञान याबद्दल काय म्हणते ते मी वाचले आहे. मला आपल्या अध्यात्मपरंपरेतला विचार समजून घ्यायचा आहे. वडिलांना काय उत्तर द्यावे, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

औदुंबर

आयुष्यात जे जे घडते ते सगळे प्रारब्ध, ही समजूत घरोघरी रुजलेली आहे, परंतु शास्त्रांनी प्रारब्धाला इतकी सरसकट सत्ता दिलेली नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत दुसऱ्या पादात कर्माचा विपाक तीन रूपांनी होतो असे सांगितले आहे: जाती, आयुष्य आणि भोग. कोणत्या योनीत व कुळात जन्म मिळाला, किती जगायचे आणि वाट्याला सुखदुःख काय यायचे, एवढा त्याचा प्रांत. आलेल्या भोगापुढे माणूस कसा वागेल, याचा त्या यादीत उल्लेख नाही. ते क्रियमाणाकडे, म्हणजे आता केल्या जाणाऱ्या कर्माकडे जाते, आणि क्रियमाण आजचे असते. त्याच पादात थोडे पुढे 'हेयं दुःखमनागतम्' असे सूत्र आहे. जे दुःख अजून आलेले नाही ते टाळावे, असे पतंजली सांगतात. येणारे सारे अटळ असते, तर हे सूत्र लिहिण्याचे प्रयोजनच राहिले नसते.

तरीही तुमची शंका एवढ्याने मिटत नाही, कारण तुम्ही निश्चयाच्याही मागे जाऊन विचारत आहात. गीतेच्या अठराव्या अध्यायात हा पेच उघडपणे मांडला आहे आणि भगवंतांनी तो घाईने सोडवलेला नाही. कोणत्याही कर्माची पाच कारणे तिथे दिली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, इंद्रिये, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. दैव त्यात आहे, पण ते पाचांपैकी एक आहे. आणि कर्ताही आहे, पण तोही पाचांपैकी एकच. एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला त्यानंतर दोन श्लोकांनी दुर्मती म्हटले आहे. त्याच न्यायाने, एकट्या दैवालाच कर्ता मानणाऱ्याची बुद्धीही अपुरी ठरते, असे मला वाटते. हे गीतेचे शब्द नाहीत, हा माझा निष्कर्ष आहे.

त्याच अध्यायात पुढे भगवंत अर्जुनाला बजावतात की अहंकाराने 'मी लढणार नाही' म्हणशील, तरी तुझी प्रकृती तुला लढायला लावील. आणि ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर चढवल्याप्रमाणे मायेने फिरवतो. इथे थांबलो तर माणसाच्या हाती काहीच नाही असे वाटते. परंतु त्यानंतर दोनच श्लोकांनी 'यथेच्छसि तथा कुरु' असे वचन येते. सगळे सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर, असे स्वतः ईश्वर म्हणतो. ज्याला इच्छाच नाही त्याला असे कोणी म्हणत नाही. प्रकृतीचा ओघ खरा आणि विचार करून त्या ओघात कसे उभे राहायचे हे ठरवण्याची मुभाही खरी, असे ही दोन्ही वचने जवळजवळ ठेवून गीता सांगते. गीतेवर श्रद्धा असणाऱ्याने त्यातले एकच उचलू नये.

वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हीच चर्चा तर्काच्या अंगाने आली आहे. जीव कर्ता आहे, कारण नाहीतर विधिनिषेध सांगणारे शास्त्र निरर्थक होईल, असे आधी म्हटले आहे. मग हे कर्तृत्वही परमेश्वराकडूनच येते असे म्हटले, आणि शेवटी, परमेश्वर जिवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच त्याला प्रवृत्त करतो, असा निर्णय दिला. शंकराचार्यांनी त्यावर पावसाचा दृष्टान्त दिला आहे: पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो, पण साळीच्या बीजातून साळ येते आणि जवाच्या बीजातून जव. पावसावाचून काहीच उगवत नाही, आणि तरीही काय उगवावे हे पाऊस ठरवत नाही.

मृत्तिका

औदुंबर यांच्या विवेचनाला जोड म्हणून जैन आगमांतील, म्हणजे जैनांच्या मूळ धर्मग्रंथांतील, एक संवाद सांगते, कारण नियतीचा प्रश्न त्यात व्यवहाराच्या कसोटीवर घासून पाहिला आहे. उपासकदशांग या ग्रंथात पोलासपूर नगरातल्या सद्दालपुत्र नावाच्या कुंभाराची कथा येते. तो मक्खली गोशालाच्या आजीवक पंथाचा अनुयायी होता. बळ, वीर्य, पुरुषार्थ काहीही नाही, सर्व भाव नियत आहेत, हे त्या पंथाचे मत.

सद्दालपुत्राने मडकी वाळवण्यासाठी उन्हात मांडलेली असताना महावीर त्याला विचारतात की ही मडकी कशी झाली. तो सांगतो की आधी माती होती, मग ती पाण्याने भिजवली, तिच्यात राख आणि शेण मिसळले, मग ती चाकावर चढवली. महावीर विचारतात, म्हणजे ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? पंथाशी प्रामाणिक राहून तो उत्तर देतो की प्रयत्नाशिवाय, कारण प्रयत्न नावाची गोष्टच नाही. तेव्हा महावीर विचारतात, कोणी तुझी ही मडकी चोरली किंवा फोडली, किंवा तुझ्या पत्नीशी दुर्वर्तन केले, तर तू काय करशील? सद्दालपुत्र म्हणतो, त्याला शिव्या देईन, मारीन, बांधीन, प्रसंगी त्याचा जीवही घेईन. महावीर म्हणतात, मग तुझ्या मतानुसार कोणी मडके फोडलेच नाही आणि कोणी अपराध केलाच नाही. आणि अपराध करणारा आहे असे मानत असशील, तर सर्व नियत आहे हे तुझे म्हणणे खोटे. सद्दालपुत्राला बोध होतो.

या संवादाने नियतिवाद तर्काने खोडला जातो असा माझा दावा नाही. पण नियतीचा सिद्धान्त उच्चारणे सोपे असले, तरी त्याप्रमाणे जगणारा माणूस दिसत नाही, हे त्यातून लख्ख दिसते. जैन कर्मविचारातही निकाचित, म्हणजे भोगल्यावाचून न सुटणारे, कर्म मानलेले आहे. मात्र इतर कर्मे तपाने आणि पुरुषार्थाने पालटता येतात, अशी त्या परंपरेची धारणा आहे. आपले कर्म कोणत्या प्रकारचे आहे हे आधी कळत नसल्यामुळे साधकाने प्रयत्न सोडायला जागाच राहत नाही.

पिंपळपान

मला फक्त वडिलांच्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे, कारण तो या सर्वांत अधिक नाजूक आहे.

संयुत्तनिकाय या बौद्ध पाली ग्रंथात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, बुद्धांना विचारतो की माणसाला जे जे सुखदुःख होते ते पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय. बुद्ध हे मत नाकारतात आणि वेदनांची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, तिघांचा संनिपात, ऋतूतील पालट, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. काही वेदना पित्ताने होतात हे स्वतःलाही कळते आणि जगालाही मान्य आहे, म्हणून सर्व काही पूर्वकर्माचे असे म्हणणारे अनुभवाच्या पलीकडे जातात, असे ते म्हणतात. तेव्हा वडिलांना निःशंकपणे सांगावे की आजाराला शरीराची कारणे असतात आणि प्रत्येक दुखण्यामागे पाप शोधायला अध्यात्म सांगत नाही.

यामागे एक सामाजिक अन्यायही दडलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर असा आक्षेप घेतला आहे की गरीब आणि दलित माणसांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, यापलीकडे त्याचा हेतू दिसत नाही. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या 'तुझ्या नशिबी हेच' असे ऐकवले गेलेल्या लोकांच्या वतीने घेतलेला हा आक्षेप आहे. स्वतःचे दुःख सोसायला कोणी प्रारब्ध या कल्पनेचा आधार घेत असेल तर मी त्याला अडवणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण म्हणून ती कल्पना वापरण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही, मग बोलणारा कितीही मायेने बोलत असो.

शोधयात्री

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. सीवकाचा संवाद वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ त्याविषयी बोलत होते. एक शंका उरते. आत्या तुकोबांचे वचन सांगते आणि तुकोबांपुढे आमच्या घरात कोणी बोलत नाही. त्या अभंगाचा अर्थ खरोखर स्वस्थ बसा असाच आहे का?

इंद्रायणीकाठ

आत्याबाईंना पूर्ण अभंग म्हणून दाखवायला सांगावे. हरिपाठाचा नेम असलेल्या घरात तो पाठ असणारच. दुसऱ्या चरणात 'वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ, भोगणे ते फळ संचिताचे' असे येते. तुकोबा इथे उद्वेग टाकायला सांगतात. प्रयत्न टाका असे त्या अभंगात कुठेही नाही. संचिताचे फळ म्हणून ते भोग तेवढा सांगतात, आणि औदुंबर यांनी दाखवलेली योगसूत्रांतील मर्यादा हीच आहे. 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास' हेही तुकोबांचेच वचन आहे, आणि दोन्ही वचने एकाच माणसाच्या जगण्यातून आलेली आहेत.

ते जगणे कसे होते ते पाहावे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचे द्रव्य आटले, मान गेला, एक पत्नी अन्न अन्न करीत गेली. आपल्या आत्मपर अभंगात त्यांनीच हे सांगितले आहे. त्यातले काहीही त्यांनी निवडलेले नव्हते. पण त्याच अभंगात पुढे देवाचे भंगलेले देऊळ येते आणि त्याविषयी ते म्हणतात, 'चित्तासी जे आले करावेसे'. देवाने आज्ञा केली असे ते इथे म्हणत नाहीत, आणि माझ्या नशिबी होते असेही म्हणत नाहीत. चित्तात आले आणि ते कामाला लागले. हे चित्तात कोणी आणले, याचा शोध भक्ताने जरूर घ्यावा. परंतु तुकोबांनी दगडमातीला हात घालण्यापूर्वी त्या उत्तराची वाट पाहिलेली नाही.

आत्याबाईंशी वाद घालू नये. त्यांना दुपारी वडिलांजवळ बसवावे आणि दाणे वेचताना त्यांनीच अभंग म्हणावा. उद्वेग कमी करण्याचे काम त्या तुमच्यापेक्षा चांगले करतील.

औदुंबर

इंद्रायणीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आत्याबाईंच्या बाजूचे सर्वांत भक्कम वचन मात्र इथे अजून आलेले नाही, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तग्रंथात तृप्तिदीप प्रकरणात म्हटले आहे की अवश्य घडणाऱ्या गोष्टींवर उपाय असता, तर नल, राम आणि युधिष्ठिर यांना दुःखे भोगावी लागली नसती. हे मला खरे वाटते. दुःख आले, ते थोरांनाही चुकले नाही.

पण नलाची कथा मुळातून वाचावी. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात, आणि युधिष्ठिर तेव्हा स्वतः द्यूतात सर्वस्व हरून वनात बसलेला आहे. नलाच्या देहात कली शिरतो, नल आपला भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळत राहतो, राज्य गमावतो आणि झोपेतल्या दमयंतीला रानात सोडून जातो. पुढे तो ऋतुपर्ण राजाकडे बाहुक या नावाने सारथी म्हणून राहतो, अश्वविद्येच्या बदल्यात त्याच्याकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकतो, आणि ती विद्या मिळताच कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. दमयंती भेटल्यावर नल तिला सांगतो की राज्य गेले आणि मी तुला टाकले ते कलीने केले. एवढेच बोलून तो थांबला असता तर ती पळवाट ठरली असती. पण पुढे तो म्हणतो की त्या कलीला मी माझ्या व्यवसायाने आणि तपाने जिंकले; आणि इथे व्यवसाय म्हणजे निश्चयपूर्वक केलेला प्रयत्न. नंतर पुष्कराकडून राज्य परत जिंकल्यावर, तुझ्या हातून झाले ते तू केले नव्हतेस, कलीने केले होते, असे म्हणून तो त्याचा जीव घेत नाही आणि त्याचा वाटा त्याला देऊन मानाने घरी पाठवतो.