विमची कॉन्फिग फाइल: नेटवरून उचलावी की स्वतः लिहावी?

लॅबवाला
मंडळी, एक मत मांडतोय, पटत नसेल तर बिनधास्त बोला. डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) विम हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्या पोरांचं हमखास असं होतं, की टर्मिनलमध्ये माऊसने टेक्स्ट सिलेक्ट करायला गेलं की विम व्हिज्युअल मोडमध्ये (म्हणजे स्वतःच्या सिलेक्शनमध्ये) शिरतो, नेहमीसारखं कॉपी होत नाही, मग कुणीतरी सांगतं की होम फोल्डरमध्ये डॉट विमआरसी (विमच्या सेटिंग्जची फाइल) बनव आणि त्यात 'सेट माऊस इक्वल टू' एवढंच लिही, पुढे काही नको. माऊस सुधारतो आणि रंग गायब! पायथनची अख्खी फाइल एकाच रंगात. इथे पोरं गडबडतात आणि नेटवरून कुणाची तरी तीनशे-चारशे ओळींची विमआरसी आणून चिकटवतात. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये.

रंग का गेले ते आधी बघा ना. विम ८ पासून (२०१६) डिफॉल्ट्स डॉट विम नावाची फाइल सोबत येते, सिंटॅक्स हायलाइटिंग (कोडला रंग देणं), फाइलटाइप ओळखणं, माऊस, हे सगळं तीच चालू करते. पण तुमची स्वतःची विमआरसी सापडली की विम ही डिफॉल्ट्सची फाइल वाचतच नाही. म्हणजे तुमची ओळ चुकली नव्हती, तुमची फाइल नुसती तिथे आहे म्हणून रंग गेले. माऊसच्या ओळीखाली 'सिंटॅक्स ऑन' आणि 'फाइलटाइप प्लगिन इंडेंट ऑन' लिहा, विषय संपला.

रात्रपाळी
असहमत. सर, तुमच्याकडे शिकवायला सेमिस्टर असतं, आमच्याकडे रात्री दोनला सर्व्हर पडलेला असतो. तयार फाइलमध्ये दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं ठेचा खाऊन जमवलेलं असतं, ते परत शून्यापासून कशाला करायचं?

आणि दोन ओळींत विषय संपत नाही. डेबियनच्या बेसिक इन्स्टॉलवर बरेचदा फक्त विम-टायनी (विमची छोटी, कमी सोयींची आवृत्ती) असतं, तिथे 'सिंटॅक्स ऑन' लिहा, ई३१९ एरर येते, ही कमांड या व्हर्जनमध्ये नाही म्हणून. हायलाइटिंगचा कोड त्यात कम्पाइलच केलेला नसतो. मग विमआरसी स्वतः लिहिलेली असो की उचललेली, काय फरक पडतो?

लॅबवाला
फरक पडतो हो! दोन ओळींच्या फाइलमध्ये ई३१९ आली की दोष कुठे आहे ते लगेच कळतं, 'विम डॅश डॅश व्हर्जन' करून मायनस सिंटॅक्स (म्हणजे ती सोय नाही) दिसलं की पूर्ण विम पॅकेज टाकायचं. तेच चारशे ओळींच्या फाइलवर एररची रांग लागते आणि खरी एरर त्यात बुडते. शिवाय विंडोजवरून आणलेली फाइल असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेट एम (विंडोजचं ओळ संपल्याचं जादा चिन्ह), मग ई४९२ ('ही एडिटरची कमांड नाही') वर ई४९२. पोरगं दिवसभर कलरस्कीम बदलत बसतं आणि भानगड असते लाइन एंडिंगची.

काळी_पाटी
मी थोडं वेगळंच म्हणतो. रंग हवेतच कशाला? बिल जॉयने १९७६ मध्ये व्हीआय (विमचा पूर्वज) लिहायला घेतला तेव्हा रंग नव्हते, विममध्येसुद्धा हायलाइटिंग आलं ते ५.० ला, १९९८ मध्ये. रॉब पाइकच्या ॲक्मी एडिटरमध्ये तर ते नाहीच. कॉमेंट (कोडमधल्या टिपा) फिक्या रंगात ढकलल्या की डोळा त्या वगळून पुढे जातो, आणि जुन्या कोडमध्ये खरं कारण कॉमेंटमध्येच लिहिलेलं असतं. मी रंग बंद ठेवून वाचतो आणि सावकाश वाचतो. आणि नुसतं कॉपी करायचं असेल तर शिफ्ट दाबून सिलेक्ट करा, बहुतेक टर्मिनलमध्ये चालतं, विमआरसी बनवायची गरजच नाही.

निळी_शाई
शिफ्टच्या मुद्द्याला +१, बाकीचं पटलं नाही. स्ट्रिंगचा शेवटचा कोट राहिला की खालचा मजकूर एकदम स्ट्रिंगच्या रंगाचा होतो, प्रोग्राम चालवायच्या आधीच दिसतं, हे काळ्यापांढऱ्यात कसं दिसणार? कॉमेंट वाचवत नाहीत कारण काळ्या स्क्रीनवर त्या गडद निळ्या येतात, विमला बॅकग्राउंड पांढरी आहे असं वाटतं म्हणून. 'सेट बॅकग्राउंड इक्वल टू डार्क' लिहून बघा, त्यासाठी रंगच कशाला बंद करायचे.

लॅबवाला, एका गोष्टीची भर. सुडो लावून (म्हणजे रूट या ॲडमिन युजरच्या अधिकाराने) विम उघडला की बरेचदा रूटच्या होम फोल्डरमधली विमआरसी वाचली जाते, तुमची नाही. माझ्या टीममध्ये यावरून खूप वेळ वाया गेलाय. नेमक्या कुठल्या फाइल लोड झाल्या ते 'स्क्रिप्टनेम्स' कमांड क्रमाने दाखवते, कुठलीही ओळ बदलायच्या आधी ते बघा असं मी सगळ्यांना सांगते.

रात्रपाळी
स्क्रिप्टनेम्स मान्य. पण टीमची तयार फाइल मी ठेवणारच, गिटमध्ये, म्हणजे कुणी काय बदललं ते दिसतं. आणि सर, तुमच्या त्या दोन ओळींपेक्षा डिफॉल्ट्स डॉट विम हीच फाइल आपल्या विमआरसीत सोर्स केलेली (म्हणजे तिथूनच वाचायला लावलेली) बरी, बाकीच्या सोयीही परत मिळतात. फक्त ती ओळ सगळ्यात वर घ्या आणि माऊसची ओळ तिच्या खाली, उलटं केलंत तर माऊस परत चालू होईल आणि पोरं परत तुमच्याकडेच येतील.