'प्रोपेलंट'ला मराठीत काय म्हणाल?

बोरूबहाद्दर
एका दिवाळी अंकासाठी अवकाशयानांवरचा लेख मराठीत आणतोय आणि एका शब्दावर गाडं अडलंय. लेख एमड्राइव्हवर आहे. रॉजर शॉयर या ब्रिटिश अभियंत्याची कल्पना: तांब्याची, तोंड बंद केलेली बादली समजा. आत मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या की बादली म्हणे आपोआप एका बाजूला रेटा देते. मागे काही फेकायला नको.

मी 'इंधनविरहित यान' लिहिलं. संपादकबाईंनी समासात विचारलं, "वीज लागते ना याला? मग इंधनविरहित कसं?" बरोबर आहे त्यांचं. मूळ शब्द 'प्रोपेलंटलेस' आहे, 'फ्यूएललेस' नव्हे. मी आजवर दोन्हींना सरसकट इंधनच म्हणत आलो. वेगळा शब्द आहे का?

खडूवाली
प्रणोदक. प्र + नुद्, म्हणजे पुढे ढकलणे. इंधन हे 'इंध्' धातूवरून, पेटणे. जे पेटतं ते इंधन, जे फेकल्याने यान पुढे जातं ते प्रणोदक. नासाच्या डॉन यानात सुमारे ४२५ किलो झेनॉन होता. तो निष्क्रिय वायू, पेटणार कसला? विजेच्या जोरावर त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, मागे भिरकावायचे, एवढंच त्याचं काम. रासायनिक अग्निबाणात जे जळतं तेच मागे फेकलं जातं, म्हणून आपल्याकडे दोन्ही कामांना एकच शब्द चिकटला. मंगळयानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन सुमारे १३३७ किलो, त्यातलं ८५२ किलो असं जळून फेकलं जाणारं. तिथे 'इंधन' चालून गेलं. झेनॉनला नाही चालणार.

लिंबूटिंबू
गंगोदक, तीर्थोदक, प्रणोदक. उजव्या हातावर पळीभर घ्या. ताई, राग मानू नका, पण वाचणाऱ्याला यात उदकच दिसणार.

भुईनळा
संस्कृत कशाला हवं? घरात शब्द आहे: दारू. दारूगोळ्यात गोळा जातो आणि दारू ढकलते. दिवाळीच्या बाणात ठासलेली असते तीही दारूच. म्हणजे एमड्राइव्ह हे 'बिनदारूचं यान'. आणि ज्यांना शब्द परका वाटतो त्यांनी दवादारूतली दारू आठवावी. फारसीत ती औषधच.

खडूवाली
दारूही पेटतेच हो. झेनॉनला दारू म्हणणार?

भुईनळा
झेनॉनला प्रणोदक म्हटल्याने तरी तो कुणाला कळणार आहे?

अक्षरशत्रू
एक विनंती, 'प्रणोदकमुक्त' कुणी सुचवू नका. टँकरमुक्त गाव ठीक, कारण टँकर ही पीडा होती, तिच्यातून गाव सुटलं. हल्ली साखरमुक्त चहा मिळतो. साखरेने काय छळलं होतं? '-रहित', '-विना', 'बिन-' काहीही लावा. संस्कृतात 'निरिंधन' आहे, पण तो विझत चाललेल्या अग्नीला लावतात. यानाला लावलात तर अपशकुन.

तांडेलाचा नातू
मालवणकडचा आहे. काही न फेकता चालणारी वस्तू आमच्याकडे पूर्वापार आहे, शिडाची होडी. अवकाशातही ती गेली आहे. जपानचं इकारॉस, २०१० मध्ये सोडलेलं. १४ मीटर बाजूचं चौकोनी शीड, जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या साडेसातपट. सूर्यप्रकाश त्यावर आपटून परततो, त्याचाच रेटा. तो भरला १.१२ मिलिन्यूटन, म्हणजे तांदळाच्या पाच-सहा दाण्यांच्या वजनाएवढा. पण तो सतत मिळतो. आजोबा म्हणायचे, "वारो पडलो की काय करतलंस?" वर तो प्रश्न येत नाही.

खडूवाली
आणि गंमत बघा, नासाच्या ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये एमड्राइव्हचा जो रेटा छापला तो किलोवॉटला १.२ मिलिन्यूटन. जवळपास तेवढेच दाणे! फक्त शिडाचे दाणे खरे निघाले. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मार्टिन टायमार यांच्या गटाने हीच चाचणी काटेकोरपणे केली. २०१८ मध्ये त्यांना विजेच्या तारा आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांच्यावर संशय आला, २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं की तापून होणारे बदल वगळले तर रेटा शिल्लक राहत नाही. संवेग अक्षय्यतेचा नियम दुसरं काय सांगतो? डोंबारी कितीही तरबेज असो, स्वतःच्या खांद्यावर चढत नाही.

लिंबूटिंबू
म्हणजे जी वस्तू नाही तिच्यासाठी शब्द शोधतोय आपण?

अक्षरशत्रू
ससा आणि त्याचं शिंग यांसाठी शब्द आहेच की. वस्तू नसली म्हणून शब्द थांबत नाही.

जुनी अँटेना
शिडावरून आठवलं. आपल्या इन्सॅट-१ए लाही शीड होतं. सौरपट्ट्या एकाच बाजूला, त्यांच्यावर पडणाऱ्या प्रकाशाने उपग्रह कलंडू नये म्हणून दुसऱ्या बाजूला तोल राखायला शीड. १९८२ च्या एप्रिलमध्ये उपग्रह वर गेला, शीड काही उघडलं नाही, आणि सप्टेंबरात स्थिती सांभाळायचं ते... आता काय म्हणू?... संपलं. तेव्हा आम्ही 'इंधन संपलं' म्हणालो आणि सगळ्यांना कळलं.

भुईनळा
+१. हाच माझा मुद्दा. (दारू संपली म्हटलं असतं तरी कळलं असतं, जरा वेगळं कळलं असतं.)

खडूवाली
तिथे ते जळतच होतं, म्हणून इंधन बरोबर! मी हेच सांगतेय आणि कुणी वाचत नाही.

अक्षरशत्रू
शीड म्हणताय ते उत्तम. मी एका अनुवादात 'सौर पाल' वाचलं आहे. हिंदीत पाल म्हणजे शीड, मराठीत भिंतीवरची. पुढे 'पाल उलगडली' असंही होतं.

तांडेलाचा नातू
पाल म्हणजे तंबूसुद्धा. ते पाल, नपुंसकलिंगी. जत्रेत पालं पडतात. कापड ताणून बांधणं दोन्हीकडे आलंच, त्यामुळे तो अनुवाद अगदीच टाकाऊ नाही.

अक्षरशत्रू
लिंग बदललं की नातं तुटतं. 'उलगडली' म्हटलंय, म्हणजे ती भिंतीवरचीच.

बोरूबहाद्दर
सगळ्यांचे आभार. तूर्त 'मागे काहीही न फेकता चालणारं' असं लांबलचक लिहून दिलंय. संपादकबाई म्हणतात शीर्षकात बसत नाही. आणि 'तांब्याची बादली'वर नवी खूण आली आहे: तांब्या म्हणायचंय का?

लिंबूटिंबू
तांब्याचा तांब्या. शीर्षक मिळालं तुम्हाला.

भुईनळा
अवांतर: वीजबिलात 'इंधन समायोजन आकार' येतो. माझ्या छतावर सौरपट्ट्या आहेत, तरी येतो. ताई, यात काय पेटतं?