प्रति: स्कॅन निल, म्हणजे सुटलो?

वडिलांच्या प्रोस्टेट कॅन्सरबद्दल 'पीएसएमए पेट स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, म्हणजे वडील सुटले' असं वर लिहिलंय, ते पटत नाही. हाडांच्या जुन्या बोन स्कॅनपेक्षा प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शोधणारा हा स्कॅन कितीतरी तल्लख आहे, मान्य. पण प्रोस्टेट काढायच्या ऑपरेशननंतर पीएसए (कॅन्सर परत येतोय का ते सांगणारी रक्ततपासणी) जेमतेम ०.२ असताना निम्म्याहून जास्त पेशंटांत त्यातही काही सापडत नाही, कारण अगदी बारीक गाठ पकडलीच जात नाही. माझ्या काकांचा रिपोर्ट असाच निल आला होता. कोल्हापुरातल्या आमच्या डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला, पीएसएचे जुने सगळे कागद टेबलावर तारखेनुसार लावले, आकडा किती महिन्यांत दुप्पट होतोय ते काढलं, ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) बघितला आणि सांगितलं, "थांबू नका, लाइट (रेडिएशन) सुरू करूया." पीएसए कमी असतानाच रेडिएशन दिलं तर गुण जास्त येतो, म्हणून कृपया नुसत्या निल रिपोर्टवर महिने घालवू नका.

उलट एखादी गाठ दिसली म्हणून लगेच हायही खाऊ नये. नेटवरचे 'पसरलेल्या कॅन्सर'चे बरेच जुने आकडे बोन स्कॅनच्या काळातले आहेत. तेव्हा इतकी छोटी गाठ कुणाला दिसायचीच नाही, असा पेशंट 'न पसरलेल्यां'तच मोजला जायचा. ते टक्के आपल्या माणसाला जसेच्या तसे लावू नका.